रूटची टपाल

आमच्या मये गावात माझ्या नोकरीविषयी एक समज वर्षानुवर्षे घट्ट बसलेला आहे. कुणाचा टीव्ही बिघडला, कुणाच्या मोबाईलवर चित्र दिसेनासे झाले, की माणूस माझ्या दारात हजर. "तूं कंप्युटर समा करता मरे?" असे विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता तो डबा सोप्यावर ठेवून निघूनही जातो. मी तीस वर्षे युनिक्सचे सर्व्हर सांभाळले, हे आजवर गावात कुणालाही नीट समजावता आलेले नाही. आईला शेवटपर्यंत वाटत असे की मी पतसंस्थेत रात्रीचा राखणदार आहे. तिचे फारसे चुकत नव्हते. आमच्याकडे राखणदार म्हणजे वेशीवरचा देव. तो दिसत नाही, त्याचे काही बिनसले तरच त्याची आठवण होते, आणि मग नारळ ठेवायला सगळे धावतात.

१९९२ साली मी सीमेलगतच्या एका पतसंस्थेत लागलो. डिचोलीहून बस पकडायची आणि लाल धुळीत न्हाऊन उतरायचे. खनिजाचे ट्रक तेव्हा रात्रंदिवस धावत. ती धूळ माणसाच्या नाकात जाते तशी यंत्राच्या पंख्यातही जाते, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळले. दर पंधरा दिवसांनी मशीन बंद करून ब्रशने झाडायचे, हा माझ्या सेवेतला पहिला तांत्रिक निर्णय. दुसरा पावसाळ्यातला: ढग गडगडू लागले की मोडेमची टेलिफोनची तार हाताने उपटायची. वीज घरावर पडावीच लागते असे नाही. ती तारेतून चालत येते आणि टर्मिनलांचे कार्ड जाळून जाते.

यंत्र एकच, ४८६ जातीचे, त्यावर एससीओ युनिक्स, आणि त्याला जोडलेली आठ मुकी टर्मिनले. बँकांच्या संगणकीकरणासाठी रंगराजन समितीने १९८४ आणि १९८९ साली अहवाल दिले, त्यानंतर हे वारे हळूहळू आमच्यासारख्या आडवाटेच्या संस्थांपर्यंत आले. एका यंत्रावर आठ कारकून एकाच वेळी काम करतात याचे तेव्हा लोकांना भारी नवल. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी हे युनिक्स सुरू केले. त्यांची रीत अशी की प्रत्येक आज्ञा छोटी, एकच काम करणारी, आणि फार न बोलणारी. काम झाले तर ती गप्प असते. 'झाले हो' असे सांगत नाही. नवख्या माणसाला हा अबोला फार जाचतो. पुढे तो आवडू लागतो, आणि मग कधीतरी तोच घात करतो.

आता त्या रात्रीचे सांगतो. १९९८ साल, चवथीच्या आधीचा शनिवार. सोमवारी सभासद पैसे काढायला रांग लावणार होते. माटोळीचे सामान, फटाके, पोरांचे कपडे, सगळे त्याच पैशांतून. संध्याकाळी सहाला पडद्यावर ओळ आली की डिस्कवर जागा उरली नाही. छपाईच्या नोंदींची एक फाईल फुगून प्रचंड झालेली दिसली. मी ती पुसली. जागा मोजली, तर तेवढीच! एका कणानेही वाढली नाही.

याचे कारण आज शाळकरी पोरगाही सांगेल, मला तेव्हा ठाऊक नव्हते. युनिक्समध्ये फाईलचे नाव वेगळे आणि फाईल वेगळी. 'आरएम' म्हटले की नाव तेवढे यादीतून खोडले जाते. एखादा प्रोग्रॅम ती फाईल उघडून बसला असेल, तर तो उठेपर्यंत फाईल जिवंत राहते आणि जागाही अडवून ठेवते. पंचायतीच्या वहीतून नाव खोडले म्हणून माणूस घराबाहेर पडत नाही, तसेच. अशा वेळी 'डीएफ' एक आकडा सांगतो, 'डीयू' दुसरा, आणि दोहोंतली तफावत म्हणजे नाव नसलेली ती फाईल. उपाय साधा आहे. फाईल पुसायची नाही, तिथल्या तिथे रिकामी करायची. पुसली असेलच, तर ती धरून बसलेला प्रोग्रॅम नीट सांगून थांबवायचा. लगेच 'किल -९' नाही. त्या आज्ञेने प्रोग्रॅमला हातातले काम आवरायलाही सवड मिळत नाही.

मी घाबरलो आणि घाईने आणखी पुसायला निघालो. तात्पुरत्या फायलींच्या जागी जा आणि तिथले सगळे पूस, अशा दोन आज्ञा मधे अर्धविराम टाकून एका ओळीत लिहिल्या. जागेचे नाव लिहिताना एक अक्षर चुकले. पहिली आज्ञा फसली. अर्धविरामाला त्याचे काय? दुसरी आज्ञा मी उभा होतो तिथेच चालली, आणि मी उभा होतो बचत खात्यांच्या खतावणीत. अर्धविरामाऐवजी दोन 'अँड'ची चिन्हे टाकली असती, तर पहिली जमली तरच दुसरी, असा अर्थ झाला असता. दोन चिन्हांचा प्रश्न होता.

पण खरी चूक त्यानंतरची. खतावणीचा प्रोग्रॅम एका टर्मिनलवर अजून चालू होता. आत्ताच सांगितलेल्या नियमाप्रमाणे नावे गेली तरी फायली जिवंत होत्या. त्या टर्मिनलवरून सगळ्या शिलका छापून घेता आल्या असत्या. मी काय केले? यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. जागा मात्र छान मोकळी झाली.

पर्वा वाटली नाही, कारण टेप होत्या. सोमवार ते शनिवार अशा सहा. रोज रात्री दोन वाजता यंत्र आपोआप टेपवर नक्कल घेई. आमचा शिपाई सकाळी ती टेप कापडी पिशवीत घालून तिजोरीत नेऊन ठेवी आणि संध्याकाळी दुसरी लावी. तो मयेचाच, आमच्या वाड्यावरचा. शनिवारी पहाटेची टेप लावली, तर तिच्यावर मे महिन्यातला शनिवार. शुक्रवारच्या टेपवर मे महिन्यातला शुक्रवार. सहाही टेपांवर मे महिनाच.

संचालकांपैकी एकजण तोवर आले होते. ते म्हणाले, टेपा दमट झाल्या असतील, पावसात पिशवी भिजवली असेल त्याने. शिपाई दाराशी उभा होता. मी काही बोललो नाही. मला कारण ठाऊक नव्हते हे खरे, पण त्याचा दोष नव्हता एवढे नक्की ठाऊक होते. भिजलेल्या टेपेवर मे महिना स्वच्छ वाचता येत नाही.

त्या रात्री आमची लाज राखली ती जुन्या रोखपाल अण्णांनी. संगणकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. हाताने काहीही लिहायचे नाही असा संस्थेचा ठराव असताना ते लाल बांधणीच्या वहीत रोजची प्रत्येक खात्याची उलाढाल उतरवून ठेवीत. मे महिन्याची टेप खाली, तिच्यावर अण्णांची वही आणि स्लिपांचे गठ्ठे, अशी पाच माणसे शनिवारी रात्री बसली ती सोमवारी पहाटे उठली. तेरीज जुळली. साडेसात रुपयांचा फरक राहिला, तो अण्णांनी उचंत खात्यात टाकला. माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे.

रविवारी दुपारी, बाकीचे जेवायला गेले असताना, मी सहज 'मेल' अशी आज्ञा दिली. रूट म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, त्याच्या नावाची टपाल. शहाण्णव पत्रे. पहिले मे महिन्यातले, शेवटचे आदल्या पहाटेचे, सगळी रात्री दोनची. मे महिन्यात मी नक्कल घेण्याच्या ओळीत एक सुधारणा केली होती, नोंदीच्या फाईलच्या नावात तारीख यावी म्हणून. तारीख मागायला टक्क्याचे चिन्ह लागते. हीच ओळ हाताने चालवली तर बिनचूक चाले, म्हणून मी निर्धास्त. पण ठरल्या वेळी कामे करणारा जो 'क्रॉन', त्याच्या यादीत टक्क्याचा अर्थ निराळा. तिथे टक्का म्हणजे ओळ संपली. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ दिली तरच तो टक्का म्हणून ओळखला जातो. तेव्हापासून रोज रात्री माझी आज्ञा अर्ध्यावर तुटत होती, टेपला हात लागत नव्हता, आणि क्रॉन इमानाने रोज कळवत होता की काम झाले नाही. शहाण्णव वेळा! ती पत्रे मी कधी उघडलीच नव्हती.

सोमवारी सकाळी संचालकांच्या बैठकीआधी मी हे सांगितले. नोकरी गेली नाही, एक वेतनवाढ गेली. पण शनिवारची रात्र आणि अख्खा रविवार त्या माणसाने सगळ्यांच्या नजरा झेलल्या, स्लिपांचे गठ्ठे उचलून दिले, चहा आणला. त्याची मी माफी मागितली तेव्हा तो मान हलवून पिशवी घेऊन गेला. पुढे मात्र रोज सकाळी टेप हातात घेताना विचारी, "आयज भितर कितें आसा मरे?" त्यात चेष्टा किती आणि बोच किती, ते मी कधी ठरवू शकलो नाही. त्याला उत्तर देता यावे म्हणून मी रोज टेपेवरच्या फायलींची यादी वाचू लागलो, आणि महिन्यातून एकदा टेप दुसऱ्या जागी खरोखर उतरवून खतावणी उघडून पाहू लागलो. तो निवृत्त होईपर्यंत हे चालले. उतरवून पाहिल्याशिवाय नक्कल असते यावर माझा आजही विश्वास नाही.

बाकीच्या सवयी त्याच्या मागोमाग आल्या. पुसण्याआधी तोच नमुना 'एलएस'ला देऊन काय काय जाईल ते बघायचे. रूट म्हणून शक्यतो बसायचेच नाही. बदल केला की वहीत तारखेनिशी लिहायचा. जागा असताना जागा नाही अशी तक्रार आली, तर फायलींचे क्रमांक, म्हणजे आयनोड, संपले का ते बघायचे. हजारो चिटुकल्या फायली साचल्या की घरे बांधायला जमीन शिल्लक असून घरक्रमांक संपतात. आणि घड्याळाची एक गंमत. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, पण युनिक्सच्या जुन्या रीतीने लिहायचे ते उणे साडेपाच. अधिक लिहिलेत, तर सगळ्या व्यवहारांवर अकरा तास आधीची वेळ पडते आणि सकाळी भरलेले पैसे आदल्या रात्री भरलेले दिसतात.

मालकीचा प्रकार तर मयेच्या माणसाला समजावूनही सांगावा लागत नाही. युनिक्स प्रत्येक फाईलवर मालकाचा आकडा लिहिते. नाव दुसऱ्या यादीत असते. यादीतून माणूस काढला की फायली तशाच राहतात आणि मालकाच्या जागी नुसता आकडा दिसतो. आमच्या गावातली बरीच जमीन पोर्तुगीज अमदानीत मयेच्या कोंदची, म्हणजे काउंटची. १९६१ साली गोवा मुक्त झाला, आणि पोर्तुगालात गेलेल्या मालकाची ही मालमत्ता १९६४ च्या कायद्याखाली कस्टोडियनच्या ताब्यात आली. घरात राहणारी, शेते कसणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथेच, आणि कागदावर मालक भलताच. त्यासाठी गावाने अनेक वर्षे लढा दिला. २०१४ साली विधानसभेने कायदा केला आणि त्यानंतर सनदा मिळू लागल्या. बेवारस फायली हुडकायची एक आज्ञा असते. ती मी पहिल्यांदा चालवली तेव्हा पडद्यावर नुसते आकडे सरकत गेले, आणि मला आमच्या वाड्याची आठवण झाली. एक इशारा मात्र देतो: गेलेल्या माणसाचा आकडा नव्याला कधी देऊ नये. मी एकदा दिला. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी निवृत्त कारकुनाची खासगी पत्रे उघडता आली. तिनेच येऊन सांगितले म्हणून बरे.

आता मी घरी असतो. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा रस्त्यावरची धूळ बसली आणि तळ्यावरून येणारा वारा पुन्हा ओला वाटू लागला, एवढे आठवते. टेपा गेल्या, मुकी टर्मिनले भंगारात गेली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेले लिनक्स आता जिकडेतिकडे, पण आज्ञा त्याच, टक्काही तोच. पुण्यातला माझा भाचा ज्या सर्व्हरांची देखभाल करतो ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलेही नाहीत. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांत १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांची मोजणी २,१४,७४,८३,६४७ वर संपते. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. त्याची चिंता मी त्याच्यावर सोपवली आहे.

परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. बाहेर पाऊस कोसळत होता.

"मामा, डिस्क भरली. मोठी लॉग फाईल पुसली, तरी जागा मोकळी होत नाही."

"यंत्र बंद करून चालू केलंस?"

"नाही अजून. करू?"

"हात लावू नकोस. कोण धरून बसलंय ते बघ आधी."

त्याने पाहिले, तो प्रोग्रॅम नीट थांबवून पुन्हा सुरू केला, जागा परत आली. दहा मिनिटांचे काम. तो आभार मानून फोन ठेवणार, एवढ्यात मी विचारले, "रूटची टपाल बघतोस ना रे?"

पलीकडे थोडा वेळ कळफलकाचा आवाज.

"मामा, अकरा हजार आहेत."

"पहिलं कधीचं आहे?" मी विचारले, आणि खुर्ची फोनजवळ ओढून घेतली.