परळचे आवार, आरेचा गोठा

परळ म्हटले की आपल्या माणसांना आठवतात गिरण्या आणि दवाखाने. के.ई.एम., वाडिया, टाटा यांच्या वाटा आपल्या पायांखालच्या. पण याच परळमध्ये मुक्या जनावरांचाही जुना दवाखाना आहे, तो आपण क्वचितच पाहतो. गिरणीमालक सर दिनशॉ पेटिट यांनी पत्नी साकरबाई यांच्या नावे तो उभारला. त्याच्याच आश्रयाने 1886 साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गिरण्यांचे भोंगे थांबले, हे शिक्षण मात्र चालू आहे. 2000 सालापासून ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे.

वाचकहो, अशा कॉलेजात वर्ग आणि बाके पुरत नाहीत. माणूस डॉक्टरला सांगतो, इथे दुखते. गाय सांगत नाही. तिची नाडी शेपटीखाली बोटे लावून पाहतात, शेळीची व कुत्र्याची मांडीच्या आतून. डाव्या कुशीवर मूठ दाबून ठेवली की पोट हलते की नाही ते कळते. हे पुस्तकातून हाताला येत नाही. त्यासाठी आवारात जनावर बांधलेले हवे, ते सुरक्षित धरायला खोडा हवा, हाडांचे सांगाडे, शवविच्छेदनाची जागा, प्रयोगशाळा आणि रोज रोगी येणारा दवाखाना हवा.

परळला गोठ्यासाठी जागा कुठून येणार? म्हणून कॉलेजचा दुसरा भाग गोरेगावला आरे कॉलनीत आहे. प्रभादेवीहून लोकल धरावी, गोरेगावला उतरून बसने जावे. चारा, दूध, पैदास, वासरांची निगा हे धडे तिथले. चाळीत वाढलेल्या आणि गायीला कधी हात न लावलेल्या मुलीला तो गोठाच गुरू आहे. गावाकडे शेळ्या राखलेल्या मुलाला तर निम्मी वाट ओळखीची.

‘ढोरडॉक्टर’ म्हणून कुणी हसेल. हसू द्या. पिसाळलेल्या कुत्र्याचा रेबीज माणसालाही मारतो. जनावर राखणारा माणसालाही राखतो.

बारावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र आणि मग ‘नीट’ परीक्षा, ही याची वाट. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. आमचे सांगणे एवढेच: कोणत्याही कॉलेजचा अर्ज भरण्याआधी मुलांना घेऊन तिथे जा. इमारत मागाहून पाहा. आधी विचारा, जनावरे कुठे आहेत? आणि शिकणाऱ्याचा हात त्यांना रोज लागतो का?