वर येण्याचा अभ्यासक्रम

'अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर' हे नाव ऐकून भूममधल्या आमच्या ओळखीच्यांना वाटलं, ही आता नौदलातच जाणार. प्रत्यक्षात हा कोर्स म्हणजे पाच डाइव्ह. 'पाडी' या संस्थेच्या पद्धतीत त्यातल्या दोन ठरलेल्या, एक खोल पाण्यातली आणि एक दिशा शोधण्याची. उरलेल्या तीन आपल्या आवडीच्या. आधीच्या बेसिक कोर्समध्ये समुद्रातल्या चार, त्यात या पाच मिळवल्या की अवघ्या नऊ बुड्यांवर माणूस 'प्रगत' ठरतो. मला हे नाव जरा जास्तच वाटतं. एकाच सुट्टीत दोन्ही कोर्स उरकणारे पुष्कळ आहेत. मी मधे पावसाळा जाऊ दिला. मालवणकडे त्या दिवसांत डायव्हिंग बंदच असतं, आणि शिकलेलं अंगात मुरायला वेळही हवा होता.

बेसिकवाल्याला अठरा मीटरची मर्यादा, प्रगताला तीस. लोक या आकड्यासाठी येतात. परवानगी खोल जाण्याची मिळते खरी, पण कोर्समध्ये घोटून घेतात ते वर येणं.

आमच्याकडे पोहणं विहिरीत शिकवतात, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. मलाही आण्णांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, तसंच ढकललं होतं. विहिरीची विद्या एकच: छाती भरून दम धरायचा, तळाची मूठभर माती घ्यायची आणि सुसाट वर यायचं. स्कूबात ही सवय मोडावी लागते. सिलिंडरमधून आपण खालच्या दाबाची हवा घेत असतो. दम धरून वर आलं की ती छातीत फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही आणि आपल्याच बुडबुड्यांच्या पुढे पळायचं नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट, तीस मीटरवर चौपट, आणि सिलिंडरही त्याच हिशेबाने भराभर रिकामा होतो. पहिल्या डाइव्हला 'पाडी'चा तक्ता अठरा मीटरवर 56 मिनिटं देतो, तीस मीटरवर फक्त 20. त्याहून जास्त रेंगाळलं तर अंगात मुरलेला नायट्रोजन मधे थांबे घेतल्याशिवाय वर येऊ देत नाही.

दिशेच्या डाइव्हचा सराव मी घरीच केला. ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात डोक्यावरून पंचा घ्यायचा, हातातल्या कंपासशिवाय काही दिसू द्यायचं नाही, आणि पावलं मोजत चौकोन चालायचा. नव्वद अंशात तीनदा वळून निघाल्या जागी पोचलं की जमलं. बांधावरून आण्णा बघत होते. "काय हरवलं गं?" त्यांनी विचारलं. पाण्यात पावलांऐवजी पायांचे फटके मोजतात, आणि प्रवाह आपल्याला न विचारता बाजूला नेत असतो. माझा चौकोन रानात बरा आला, समुद्रात जरा फाकला.

खोल डाइव्ह निवतीच्या खडकांकडे झाली. तीसपर्यंत जायची मुभा होती, पण आमचा तळ बावीसलाच लागला. मनगटावर तुळजापूरहून आणलेला लाल दोरा होता. उतरता उतरता तो विटकरी झाला, मग तपकिरी, आणि तळाशी काळपट. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. इन्स्ट्रक्टरने टॉर्च मारला, तेवढ्यापुरता दोरा पुन्हा लालभडक. मग त्याने पाटीवर बेरजा घातल्या. अशाच बेरजा त्याने बोटीवर घड्याळ लावून सोडवून घेतल्या होत्या. खाली नायट्रोजनने डोकं किती जड होतं ते शिकणाऱ्याला स्वतःला कळावं म्हणून. खाली मला त्याच प्रकारच्या बेरजांना जास्त वेळ लागला, आणि गंमत म्हणजे करताना मी फार हुशार आहे असंच वाटत होतं.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं लटकून राहिलो. वाटलं, झालं आता. पण भूमच्या माणसाचं वर येणं बोटीवर संपत नाही. डायव्हिंगच्या हिशेबात समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या पुढे 'उंची' सुरू होते. तिथे हवेचा दाब कमी, म्हणजे अंगातला नायट्रोजन बुडबुडे धरायला मोकळा. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसायला किमान अठरा तास थांबायला सांगतात. घाटाला काही तिकीट लागत नाही, त्यामुळे तिथे अडवणारा कोणी नसतो. आणि आंबोलीने जा नाहीतर गगनबावड्याने, रस्ता सहाशे मीटरच्या वर नेतो. पुण्या-कोल्हापूरची मंडळी सकाळी डाइव्ह करून दुपारी घाट चढतात हे मी पाहिलंय. बहुतेकांना काही होत नाही, आणि तीच अडचण आहे. आम्हाला तर घाट चढून, कोल्हापूर, पंढरपूर, बार्शी करत पुन्हा बालाघाटच्या पठारावरच जायचं. मी मालवणात मुक्काम वाढवला. घरून फोन: "पोहून झालं ना? मग तिथं काय करायलीस?" नायट्रोजन फोनवर समजावता येत नाही. मासे खात बसलेय म्हटलं, ते पटलं.

गावी आल्यावर आण्णांनी पहिलं विचारलं, किती खोल गेलीस? बावीस मीटर म्हटलं तर त्यांनी फुटांत करायला लावलं, मग परसांत स्वतःच केलं.

"बारा परस," ते म्हणाले. "म्हंजी आपल्या हिरीएवढंच की. एवढ्यासाठी मालवणला?"

"आपल्या विहिरीत पाणी कुठंय, आण्णा?"

"ते बी खरंय," म्हणाले, आणि गाळ काढायला यंत्र कधी मिळतंय ते विचारायला त्यांनी फोन काढला.