गाडीत पाणी शिरलं होतं का?

आमच्या घरात दोन स्कूटर होत्या आणि बरीच वर्षं तेवढ्यावर छान भागत होतं. पुण्यात दुचाकीवर संसार चालतो. दारात चारचाकी असलेले शेजारीही लक्ष्मी रोडला जाताना स्कूटरच काढतात, आणि तिथलं पार्किंग पाहता ते बरोबरच आहे. पण सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचं स्कूटरवर बसणं कायमचं थांबलं. आमच्या सिंहगड रोडला मेट्रो अजून आलेली नाही. संध्याकाळच्या गर्दीत डेक्कनला यायला रिक्षावाला तयार होईलच याचा भरवसा नसतो. वाईला दिरांकडे जायचं तर एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. एक दिवस त्या म्हणाल्या, "मला कुठे नेऊ नका, मी घरीच बरी." ते ऐकलं आणि गाडी घ्यायचीच, हे माझ्या मनात पक्कं झालं.

नवी की जुनी, यावर फार खल झाला नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रस्ता कर लागतो, त्यात विमा आणि कर्जाचा हप्ता. आमची गाडी आठवड्यातून दोन-तीनदा बाहेर पडणार. जुन्या गाडीचा एकरकमी कर पहिल्या मालकाने भरलेला असतो, नोंदणी १५ वर्षांची असते, आणि किमतीतली मोठी घसरण पहिल्या काही वर्षांतच होऊन गेलेली असते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी तो २८ टक्के होता आणि वर उपकर. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तरी जुन्या गाड्यांचे बरेच विक्रेते आधीचाच भाव सांगत होते. अशा वेळी त्याच मॉडेलच्या नव्या गाडीचं कोटेशन शोरूममधून घेऊन जावं. आम्ही ते समोर ठेवलं की बोलण्याचा सूर लगेच बदलायचा.

खरा प्रश्न होता, कोणती. माझ्या यजमानांच्या मनात वॅगन-आर होती. सीट उंच, दार मोठं, पेट्रोल कमी, सुटे भाग कुठेही मिळतात. मुलीचं म्हणणं वेगळं. २०१९ साली ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत वॅगन-आरला दोनच तारे मिळाले होते, आणि वाईच्या वाटेवरच्या खंबाटकी घाटातून आजीला न्यायचं असेल तर हे बघायलाच हवं, असं ती ठामपणे म्हणाली. मला तिचं पटलं. सगळ्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, पुढे शेजारच्या सीटचीही झाली. त्याआधीच्या कित्येक गाड्यांच्या स्वस्त मॉडेलांत एकही एअरबॅग नाही. बाजारात अशा गाड्या भरपूर आहेत आणि त्यांचा भाव मोह पाडणाराच असतो.

जी गाडी बघायला जायचो तिच्यात सासूबाईंना बसवून बघायचो. सेडानमध्ये त्या बसल्या खऱ्या, पण उठताना गुडघ्यावर इतका जोर आला की त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली आणि आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. सेडान तिथेच यादीतून गेल्या. कमी उंचीच्या हॅचबॅकही गेल्या. बसताना कंबर फार खाली जाऊ नये आणि उतरताना पाय सरळ जमिनीला टेकावा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते नेक्सॉनमध्ये जमलं. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी ही पहिली भारतीय गाडी. आपल्या रांजणगावात तयार होते. पाच तारे मिळाले ते काही सुधारणा केल्यानंतरच्या गाड्यांना, म्हणून आम्ही २०१९ किंवा नंतरचंच बनावटीचं साल हवं असं ठरवलं.

मधल्या काळात एकाने दिल्ली पासिंगची मोठी डिझेल गाडी सुचवली. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर बंधनं असल्याने त्या स्वस्तात इकडे येतात. तिकडची ना हरकत, इकडे पुन्हा नोंदणी आणि कर, हे सगळं धरलं तर स्वस्ताई उरत नाही. तो विषय आम्ही वाढवला नाही.

मग नगर रस्त्यावर एक नेक्सॉन मिळाली. रंग चकचकीत, आतलं कापड नवंकोरं, रनिंग कमी, भाव बाजारापेक्षा बराच खाली. आमचे गॅरेजवाले मामा सोबत होते. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. मागच्या सीटवर बसले आणि मला म्हणाले, "वहिनी, हा बेल्ट शेवटपर्यंत ओढा." मी ओढत गेले. वरचा पट्टा काळा, स्वच्छ. अगदी शेवटच्या वीतभर भागात, जिथपर्यंत तो कधी कुणी ओढत नाही, तिथे मातकट रेघ होती आणि खाली पट्टा कडक झाला होता. मग मामांनी डिकीतली स्टेपनी काढली. खळग्याच्या कोपऱ्यात बोट फिरवलं, तर बोटाला बारीक पिवळसर गाळ. सीटखालच्या रुळांचे स्क्रू गंजलेले. विकणारा म्हणाला, पावसात काच उघडी राहिली असेल. काचेतून आलेलं पाणी स्टेपनीच्या खळग्यात गाळ आणत नाही. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती.

हे मला इतकं लागलं, कारण २५ जुलै २०२४ ची सकाळ मी पाहिली आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरी, निंबजनगर भागात पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर, सहकारनगरकडे गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. त्या गाड्यांचं पुढे काय होतं, याचा विचार आपण करत नाही. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगाराच्या लिलावात जाते. तिथून कुणीतरी ती घेतो, धुतो, सीटकव्हर बदलतो आणि ती पुन्हा बाजारात उभी राहते. इंजिन सुरू होतं, एसी चालतो. पण वायरिंगचे जोड आतून हळूहळू गंजत राहतात, आणि एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स तर गाडीच्या मध्यभागी, तळाशीच असतो. ज्या पाच ताऱ्यांसाठी आपण ती गाडी घेतो, तेच ऐन वेळी कामाला येतील की नाही याची खात्री राहत नाही. एखाद्याचं कुटुंब बसणार आहे हे माहीत असताना अशी गाडी न सांगता विकणं हा मला गुन्हाच वाटतो.

शेवटी गाडी मिळाली कोथरूडला, थेट मालकाकडून. निवृत्त गृहस्थ, २०१९ ची पेट्रोल नेक्सॉन, एमएच-१२ पासिंग, पहिलाच मालक. त्यांनी सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या तारखेनुसार लावून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीवर मीटरचा आकडा होता. मुलीने परिवहनच्या साइटवर नंबर टाकला. मालक क्रमांक एक, विमा चालू, पण कर्जाचा बोजा अजून दिसत होता. कर्ज फिटलं होतं, आरसीवरची एचपी, म्हणजे बोजाची नोंद, उतरवायची राहिली होती. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ होईपर्यंत आम्ही थांबलो. मामांनी चौघांना बसवून, एसी लावून गाडी कात्रजच्या जुन्या घाटात नेली. उतरताना खड्ड्यात पुढून खडखड ऐकू आली. लोअर आर्मचे बुश गेले होते. ते दाखवून ५ लाख ६० हजारांचे ५ लाख १५ हजार झाले.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना ते गृहस्थ म्हणाले, "ताई, नावावर मात्र लगेच करून घ्या." त्यांची काळजी रास्त होती. आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, अपघाताची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र त्याच्याकडेच राहतो. तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्त्यातला तो फरक आधीच हिशेबात धरावा.

पुण्यात जुनी गाडी बघायला निघालेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि सर्व्हिसची नोंद दाखवायला का-कू करणाऱ्याला टोकन देऊ नका. भाव फारच खाली असेल, तर २०१९ आणि २०२४ च्या पावसात ही गाडी कुठे उभी होती, हे तोंडावर विचारा.