लाल म्हणजे राग?

४ जुलै

पहिल्या वर्षाच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, लाल म्हणजे राग ना?" आज उत्तर दिलं नाही. कॅडमियम रेडची एकच ट्यूब वर्गभर फिरवली. एकाने तो लाल गर्द हिरव्याला खेटून लावला, एकीने नारिंगीच्या मधोमध. पहिला अंगावर धावून येतो, दुसरा मुकाट बसतो. शेजार बदलला की रंगाचा स्वभाव बदलतो, एवढं मुलांना पटलं. पण नुसत्या शेजाराने भागत नाही. आकाराचं काय?

६ जुलै

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रं पडद्यावर दाखवली. जन्म १९२४, नागपूर, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका १९४८ सालची. सुरुवातीच्या कामात पॉल क्लेची ओढ दिसते, आकृत्या ओळखू येतात. साठच्या दशकात ओळखीचं सगळं गळून पडलेलं. मुलांना दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या बरसातीतल्या, म्हणजे गच्चीवरच्या खोलीतल्या, त्यांच्या एकांताबद्दल ऐकायचं होतं, मला रोलरबद्दल सांगायचं होतं. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग पसरायचा, खरवडायचा, पुन्हा थर चढवायचा. कागदाच्या तुकड्यांनीही रंग चढवायचा, उचलायचा. वर्षाला मोजकीच चित्रं होत.

९ जुलै

आज गायतोंडे यांच्या एका मूळ कॅनव्हाससमोर बराच वेळ उभा होतो. छापील चित्रात जो सपाट गेरू वाटतो, तो इथे सपाट नाहीच. खालच्या थरातला पिवळा वरच्या तपकिरीतून झिरपतो, त्यामुळे उजेड आतून येतो. मधल्या पट्ट्यातल्या गडद आकाराची डावी कड नाइफने कापल्यासारखी. नजर तिथे अडते. उजवी कड मात्र विरघळत जमिनीत मिसळते आणि तिच्यामागे जाताना नजरेची चाल मंदावते. खालचा भाग जवळजवळ रिकामा, म्हणून आकार तरंगतो, तरी त्याचं वजन जाणवतं.

यात दुःखाचं चित्र नाही, शांततेचंही नाही. पण अडणं, मंदावणं, तरंगणं आपल्या शरीरात घडतं, श्वास लांबतो. अमूर्त चित्रातली भावना मला तिथे सापडते. 'अमूर्तात कुणालाही काहीही दिसू शकतं' हे म्हणणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं. ती कड तिथे तशीच असावी यासाठी चित्रकाराने किती थर खरवडले असतील!

११ जुलै

वर्गात एकच राखाडी, एकच चौकोन. वरच्या कडेला चिकटवला तर 'पडेल की काय' वाटतं. तळाशी बसवला की निवांत. किंचित तिरपा केला तर सगळा कागद अस्वस्थ. एका मुलीने न सांगता चौकोनाची एक बाजू ओल्या चिंधीने पुसली. तिच्या कागदाभोवती सगळा वर्ग जमला. "हा एकटा वाटतो," एकजण म्हणाला. कशामुळे, ते त्याला बोटाने दाखवायला लावलं. त्याने बरोबर पुसलेल्या कडेवर बोट ठेवलं.

सोमवारी हाच चौकोन, पण लालात. आणि राग हा शब्द कुणी काढायचा नाही.