पाच मित्र

रात्री उशिरापर्यंत युन सन-दो वाचत बसलो. कोरियाच्या जोसन राजवटीतला हा कवी (१५८७–१६७१). दरबारात स्पष्ट बोलला, म्हणून पुन्हापुन्हा हद्दपार झाला. त्याच्या ‘ओउगा’ या काव्यात तीन ओळींचे सहा सिजो, म्हणजे छोट्या कोरियन कविता, आहेत आणि पाच मित्र: पाणी, खडक, पाइन, बांबू, चंद्र. पाण्याचा अखंडपणा, खडकाची अढळता, थंडीतही हिरवा राहणारा पाइन, सरळ उभा बांबू, सारं पाहूनही मौन पाळणारा चंद्र. माणसाने कसं असावं, याचे हे कन्फ्यूशियन धडे.

मग त्याचीच १६५१ची ‘ओबुसासिसा’ ही कविता उघडली. बोगिल बेटावरच्या कोळ्याचे चार ऋतू, प्रत्येकाची दहा कडवी. इथे धडे मागे पडतात. होडी, धुकं, लाटा. मान-अपमान किनाऱ्यावरच राहतात. ही ताओची मोकळीक.

एकाच माणसात हे दोन्ही कसं नांदलं, याचा विचार करत राहिलो. अन्याय सोसताना ताठ उभं राहायला त्याला बांबू हवा होता आणि मनातला कडवटपणा धुऊन काढायला समुद्र. मला वाटतं, निसर्गाकडे आपणही याच दोन गोष्टी मागाव्यात: कणा आणि विसावा.