घर पाहावे सोडून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली तो बहुधा पन्नाशीच्या आतच आटोपला असावा. सत्तरी गाठली असती तर त्याने तिसरी परीक्षाही जोडली असती, घर पाहावे सोडून! पहिल्या दोन परीक्षांत माणूस कसाबसा पास होतो, कारण तेव्हा गुडघे शाबूत असतात.

मी १९८६ साली नगरला, सावेडीत घर बांधले. थोडे कर्जाचे, थोडे सासऱ्यांचे उसने आणि उरलेले गवंड्याच्या मर्जीने. तीन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर टाकी. मुळा धरणाचे पाणी आले की टाकी भरली का, हे पाहायला सतरा पायऱ्या चढाव्या लागतात. निदान १९८६ साली त्या सतरा होत्या. हल्ली चौतीस तरी झाल्या असाव्यात. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला. घरात आम्ही दोघे आणि टाकी.

गेल्या पावसाळ्यात सौ. मोरीत घसरली. हाड मोडले नाही, पण उठता येईना. मी बँकेत पासबुक भरायला गेलेलो, आणि दाराला आतून कडी. मी परत येऊन, शेजारच्या पोराला खिडकीतून आत उतरवून कडी काढेपर्यंत दीड तास गेला.

"एवढा वेळ काय केलंस गं?" मी विचारले.

"चार वेळा रामरक्षा म्हटली. मध्ये मध्ये तुमच्या नावानं बोटं मोडली."

आमच्या जिल्ह्यात शनिशिंगणापूरला घरांना दारे नसतात. त्यामागे निव्वळ श्रद्धा आहे असे मी इतकी वर्षे समजत होतो. त्या दिवसापासून मला त्यात व्यवहारही दिसू लागला.

मुलीने आम्हाला पुण्याकडच्या ज्येष्ठांच्या वसाहती दाखवल्या. 'अथश्री'सारखी नावे आता नगरच्या कट्ट्यांवरही पाठ आहेत. त्यातली एक आमच्या मनात भरली. नाव सांगत नाही, नाहीतर ओळखीची सगळी मंडळी तिथेच येतील आणि मग घर सोडून उपयोग काय? पंचावन्नच्या वरच्यांनाच तिथे राहता येते. जेवणघर, डॉक्टर, मोरीत धरायला दांडे, पलंगाशेजारी घंटा. २०१९ साली केंद्र सरकारने निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श सूचना काढल्या आणि २०२४ साली महारेराने अशा नव्या इमारतींना लिफ्ट, उतार आणि चाकाची खुर्ची जाईल असे ९०० मिलिमीटरचे दार असावे असे ठरवून दिले. मी हे सौ.ला वाचून दाखवले. तिने पिशवीतून ब्लाऊज बेतायची टेप काढली, त्या घराची सगळी दारे मोजली आणि म्हणाली, "पस्तीस इंच आणि वर थोडं. ठीक आहे. खुर्ची जाईल आणि ढकलणारा कुरकुरत का होईना, मागून जाईल."

आता प्रश्न एकच उरला, विकत की भाड्याने? तो आमच्यापुरता होता. पण श्रीरामपूरच्या मेहुण्याने तो घराण्याच्या अब्रूचा केला.

"दाजी, या वयात भाड्यानं? लोक काय म्हणतील? भाडं म्हणजे पाण्यात पैसा. उताऱ्यावर नाव पाहिजे माणसाचं!"

त्याचेही चुकत नाही. आमच्या पिढीने भाडेकरूपण वाड्यांत भोगलेले आहे. तोफखान्यातल्या वाड्यात आम्ही सहा माणसे दोन खोल्यांत राहत होतो आणि मालक खोकला तरी आईला वाटे, भाडे मागायला आला. तरी तेव्हा १९४७चा मुंबईचा भाडेकायदा पाठीशी असे. भाडेकरू उठत नसे, भाडे वाढत नसे आणि वाडा दुरुस्त होत नसे. आता राज्याचा १९९९चा कायदा आहे. आपण सहसा जे 'लीव्ह अँड लायसन्स' करतो, त्यात आपण भाडेकरूसुद्धा नसतो, नुसते परवानाधारक. पूर्वी रेडिओला लायसन्स लागे, तसे आता आपल्याला लागते. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. मुदत संपली की उठायचे. उठला नाहीत तर दुप्पट पैसे.

"आणि अकरा महिन्यांनी मालक 'उठा' म्हणाला तर?" मेहुणा म्हणाला.

हा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्यावर मला विनोद सुचला नाही. सुचला असता तरी सौ.ने करू दिला नसता.

मग मी कालनिर्णयच्या मागे हिशेब मांडला. तिथला ब्लॉक घ्यायचा तर सावेडीचे घर विकून साठ लाख ओतायचे. भाड्याने घ्यायचा तर महिना पंचवीस हजार. पण मग सावेडीचे घर शाबूत राहते आणि त्याचे बारा हजार येतात. फरक तेरा हजारांचा, तो पेन्शनीतून. जेवणाचे आणि देखभालीचे पैसे मालक असा की परवानाधारक, द्यायचेच. साठ लाखांना या तेरा हजारांनी भागले तर अडतीस वर्षे येतात. म्हणजे मी एकशे बारा वर्षांचा होईपर्यंत ददात नाही. भाडे दर वर्षी वाढते हे धरून शंभरावर तोडगा काढला. सौ. म्हणाली, "शंभर पुरे. पुढचं पुढं पाहू."

शिवाय त्या विकतच्या ब्लॉकची एक गंमत आहे. अशा बऱ्याच वसाहतींत आपल्यामागे घर मुलांच्या नावावर होते, पण मुलांना त्यात राहता येत नाही. त्यांची पंचावन्नी भरेपर्यंत त्यांनी ते सांभाळायचे, नाहीतर दुसरा म्हातारा शोधून त्याला विकायचे. मुलांसाठी काय ठेवलेत, तर म्हातारा शोधण्याचे काम!

मेहुण्याला मी जिल्ह्याचा इतिहासही ऐकवला. ज्ञानेश्वरी सांगितली गेली आमच्या नेवाशाला, शके १२१२ मध्ये, एका खांबाला टेकून. त्या खांबाच्या उताऱ्यावर माउलींचे नाव कुणी पाहिले नाही. शिर्डीच्या साईबाबांनी १९१८ पर्यंतचे आयुष्य एका जुन्या मशिदीत काढले. पंडित नेहरू १९४२च्या ऑगस्टपासून १९४५च्या मार्चपर्यंत आमच्या भुईकोट किल्ल्यात राहिले. डिपॉझिट नाही, भाडे नाही, उलट पहारेकरी सरकारचे. तेवढ्यात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून झाले. उलट ज्याला सगळा दक्षिण मुलूख आपल्या नावावर हवा होता, तो औरंगजेब १७०७ साली इथेच भिंगारजवळ छावणीत वारला, आणि पुरले त्याला खुलताबादेस. नगरला मालकी मानवत नाही, हे यावरून सिद्ध होते.

"ते सगळे मोठे लोक, दाजी," मेहुणा म्हणाला. "तुम्ही जिल्हा परिषदेतून रिटायर झालात."

शेवटी निकाल लावला तो सौ.नेच. रात्री दूध देता देता, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "अहो, दोघं आहोत तोवर कुठंही चालेल. पण मी आधी गेले, तर विकतच्या घरात तुम्ही एकटे बसून राहाल. करमत नसलं तरी बसाल. साठ लाख घातलेत म्हणून बसाल. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, थेटरात पिक्चर वाईट निघाला तरी तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून शेवटपर्यंत बसता. भाड्याचं असलं तर महिन्याची नोटीस देऊन मुलीकडं जाल."

"आणि मी आधी गेलो तर?"

"तर मी बघेन माझं. पण करारात दोघांची नावं घाला म्हणजे झालं."

एवढ्या वर्षांच्या संसारात मला कुणी इतक्या थोडक्यात भाडेकराराचा मसुदा सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी वहीत लिहून काढले. नावे दोघांची. एक गेला तरी दुसऱ्याला त्याच अटींवर राहता यावे. नोटिशीची मुदत दोन्हीकडून. मालकाकडून तीन महिने, आमच्याकडून एक. डिपॉझिटमधून काय कापणार ते आधीच लेखी. देखभालीचे पैसे कुणाकडे, तेही. मालक बिचारा पुण्यातला सज्जन निघाला. आमच्या कलमांपुढे त्यालाच आपण परवानाधारक आहोत असे वाटू लागले.

नोंदणीच्या वेळी माझा अंगठा यंत्राला पटेना. पेन्शनीच्या हयातीसाठी पटतो, इथे पटेना. चौथ्यांदा पटला. मग त्या मुलाने कायमचा पत्ता विचारला. मी म्हणालो, "सावेडी, अहमदनगर."

"अहिल्यानगर, काका," तो म्हणाला आणि तसे टाइप केले.

खरेच होते. १४९० साली वसलेल्या शहराचे नाव २०२४ साली बदलले. पाचशे चौतीस वर्षांच्या गावाला जिथे कायमचा पत्ता टिकवता आला नाही, तिथे आम्ही चौऱ्याहत्तरीत कशाला हट्ट धरावा?

सावेडीच्या घरात आता एक तरुण जोडपे आले आहे. दोघे शिक्षक, आणि गुडघे उत्तम. परवा दुपारी किल्ल्या देताना मी त्यांना मालकाच्या आवाजात बजावले, "भिंतीला खिळे मारायचे नाहीत हं." संध्याकाळी पुण्याहून आमच्या मालकाचा फोन आला. बाकी सगळे ठीक, फक्त भिंतीला खिळे मारायचे नाहीत.

"मग दत्ताची तसबीर कुठं लावायची?" सौ.ने विचारले.

"टेबलावर ठेवू."

"बरं," ती म्हणाली. "तेही फिरतेच आहेत."