काचेतला व्हाळ

गोव्यात मासे पाळणं हा तसा हसण्याचाच विषय. जिथं सकाळ उजाडते तीच मुळी "आज नुस्तें कितें मेळ्ळें?" या प्रश्नानं, तिथं मासा काचेच्या पेटीत ठेवायचा, त्यालाच खाऊ घालायचं आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे कुणाच्या पचनी पडायचं? घरी येणारा प्रत्येक पाहुणा टाकीकडे बघून एकच विनोद करतो : "हांचें हुमण केन्ना?" गेली बारा वर्षं मी हा विनोद ऐकतोय आणि दरवेळी हसतोय. कारण मला ठाऊक असतं, की हसून झालं की हाच पाहुणा टाकीसमोर खुर्ची ओढणार आणि चहा निवेपर्यंत तिथून हलणार नाही.

खरं म्हणजे माझ्या टाकीत मासे दुय्यम आहेत. पाहुणा खिळतो तो झाडांमुळे. पाण्याखाली उगवलेलं, वाढलेलं, वाऱ्याशिवाय डुलणारं हिरवं रान! प्लास्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, रंगीत खडी असलं माझ्याकडे काही नाही. या छंदाला इंग्रजीत 'प्लांटेड अ‍ॅक्वेरियम' म्हणतात. मी त्याला काचेतला व्हाळ म्हणतो.

टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच. काठोकाठ भरली तर १४४ लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन १४४ किलो. वर माती, दगड, लाकूड आणि खुद्द काच. असलं ओझं टीपॉयवर ठेवायची छाती मला झाली नाही. गवंड्याला बोलावून चिऱ्यांचा कट्टा बांधून घेतला. त्या चिऱ्यांचीही एक गंमत आहे. आपल्या जांभ्याला 'लॅटराईट' हे नाव १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरनं दिलं, मलबारात फिरून आल्यावर. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. लोक जमिनीतून विटा कापून काढतात हे बघून तो चकित झाला होता. पुढं १९८०च्या दशकात युरोपातल्या छांदिष्टांनी टाकीच्या तळाशी हीच लाल माती घालायला सुरुवात केली, कारण तिच्यात लोह भरपूर आणि पाणवनस्पतींना लोह लागतं. तिकडं ती पाकिटातून विकली जायची. आपल्याकडे ती पावसाळ्यात चपलांना लागून फुकट घरात येते!

मांडणीची पद्धत सोपी आहे. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ साली झाडांच्या टाकीवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की खाली इंचभर साधी माती घाला, तिच्यावर इंचभर वाळूचा किंवा बारीक खडीचा थर द्या, पहिल्या दिवसापासून भरपूर झाडं लावा आणि मग फार ढवळाढवळ करू नका. मी तेच केलं. वाळू समुद्राची मात्र चालत नाही. तिच्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे पाणी जड होतं.

यानंतर येते ती सगळ्यात अवघड पायरी, थांबायची. लोणचं मुरतं तशी टाकी मुरावी लागते. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या पानांतून अमोनिया सुटतो आणि तो माशांना विषासारखा. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राईट करतात. तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात आणि झाडं त्यावर पोसली जातात. हे जीवाणू टाकीत नीट वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. संध्याकाळी दुकानातून टाकी आणि मासे एकदमच आणणाऱ्यांच्या घरी आठवड्याभरात जी मयतं होतात, ती बहुतेक या न मुरलेल्या पाण्यामुळे. मग दोष दुकानदाराला, नाहीतर दृष्टीला.

याच काळात झाडंही तुमची परीक्षा बघतात. आणल्यावर दहा दिवसांत पानं विरघळू लागतात. नवा माणूस घाबरतो. पण यातली कित्येक झाडं मुळात दोन घरांची. उन्हाळ्यात ओल्या काठावर, पावसाळ्यात पाण्याखाली. रोपवाटिकेत ती पाण्याबाहेर वाढवतात, म्हणून पाण्यात बुडवली की बाहेरची पानं टाकून ती पाण्यातली नवी पानं धरतात. रोटाला रोटुंडिफोलिया हे त्याचं छान उदाहरण. नावाचा अर्थ गोल पानाची, आणि पाण्याखाली पानं बघाल तर लांबट, निमुळती! नाव ठेवणाऱ्यानं ती पाण्याबाहेर पाहिली होती.

हे वाचत असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही झाडं मी आधी पाहिलेली होती, दुकानात नव्हे, सड्यावर. जून ते सप्टेंबर आपला कातळ किती बदलतो ते तुम्हाला सांगायला नको. एरवी तापलेल्या तव्यासारखा सडा, आणि पावसात त्यावर वीतभर पाण्याची डबकी. त्या डबक्यांत आणि काठांवर रोटालाच्या जाती, गेंदाची पांढरी बटणं, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. गेंद म्हणजे एरिओकॉलॉन. याच कुळातली रोपं परदेशात छांदिष्ट लोक नगावर पैसे मोजून विकत घेतात. क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस हे टाक्यांतलं जुनं लाडकं झाड सह्याद्रीच्या व्हाळांतलं नि भातशेतीतलं. ज्याला आपण पायाखाली तुडवत शाळेत गेलो, ते जपानी पुस्तकात सजून बसलेलं!

जपानचा उल्लेख आला, तर ताकाशी अमानो यांच्याबद्दल बोललंच पाहिजे. १९५४ साली जन्मलेला हा माणूस आधी व्यावसायिक सायकलपटू, मग निसर्गाचा छायाचित्रकार. ॲमेझॉनची आणि बोर्निओची रानं त्यांनी मोठ्या कॅमेऱ्यात टिपली आणि तेच रान टाकीत उतरवायचा ध्यास घेतला. १९८२ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. दगड, लाकूड, शेवाळ आणि मोकळी जागा एवढ्यावर त्यांची टाकी उभी राहते. शेवाळ साफ करायला त्यांनी एक इवलीशी कोळंबी वापरात आणली. जगभर तिला आज 'अमानो कोळंबी' म्हणतात. (तिचंही हुमण होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) त्यांचं शेवटचं मोठं काम लिस्बनच्या मत्स्यालयात आहे. ४० मीटर लांब, १ लाख ६० हजार लिटर पाण्याचं बुडालेलं अरण्य. ते २०१५च्या एप्रिलमध्ये उघडलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमानो गेले. लिस्बनला स्थायिक झालेला माझा आतेभाऊ ते बघून आला नि फोनवर म्हणाला, "अरे, आमच्या कुळागराच्या पाटात डोळे उघडे ठेवून बुडी मारल्यासारखं वाटलं."

ही कला आपल्याला फार परकी वाटू नये असं मला वाटतं. चवथीला आपण माटोळी बांधतोच ना? कांगलां, आटकां, घागऱ्यो, तोरिंगां... रानातलं जे त्या दिवसांत फुलतं-फळतं, ते शोधून आणायचं आणि गणपतीच्या डोक्यावर टांगायचं. माटोळी बांधणाऱ्याला प्रत्येक वेल कुठं मिळतो, कधी पिकतो हे ठाऊक असावं लागतं. जुनी माणसं वेल मुळापासून ओढू देत नसत, पुढल्या चवथीला तोच वेल लागतो. सजावट म्हणजे ओळख आणि ओळख म्हणजे जबाबदारी. टाकीचंही तसंच आहे, हे मला एका शेजारणीमुळे नीट उमगलं.

आमच्या वाड्यावरच्या काकींची नात शिकायला आयर्लंडला निघाली. तिची दोन फुटांची टाकी घरात. मागे काकी एकट्या. टाकीत पाच-सहा मोली, एक काच चाटणारा काळा सकर आणि तांबूस काबोंबाचं दाट झुडूप. काकींनी सोमवार ठरवला आणि मला बादली उचलायला बोलावलं. म्हणाल्या, "देवाचे तळयेंत सोडूंया, पुता. पुण्य मेळटलें."

त्यांच्या मनात शंभर टक्के दया होती. जीव बंदिस्त आहे, तो मोकळा करायचा, तोही देवाच्या पाण्यात. याला नाही कोण म्हणणार? मला म्हणावं लागलं. पण 'परदेशी प्रजाती', 'जैवविविधता' असले शब्द सत्तरीतल्या बाईसमोर काढून काय उपयोग? मी एवढंच विचारलं, "काकी, तळी पावसात भरली की पाणी कुठं जातं?"

"व्हाळांत वता. थंयसावन कुळागरांत." हे त्यांच्याहून चांगलं कुणाला ठाऊक? चाळीस वर्षं त्या पाटाचं पाणी त्यांनीच पोफळींना फिरवलंय.

मग मी सांगितलं. हा सकर दुकानात बोटाएवढा दिसतो, वाढून फूटभराहून मोठा होतो. तो दक्षिण अमेरिकेचा. आपल्या पाण्यात त्याचं कवच फोडणारं फारसं कुणी नाही. काठाच्या मातीत तो बिळं पोखरतो आणि काठ ढासळतात. देशात कितीतरी ठिकाणी तलावांत नि नद्यांत तो पसरलाय, टाक्यांतून नि विक्रीसाठी वाढवणाऱ्यांच्या तळ्यांतून सुटलेला. काबोंबाचंही तेच. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या आवळपांडीचा पाट गुलाबी फुलांनी भरून गेला. करोनाच्या दिवसांतही लोक फोटो काढायला लोटले. दिसायला स्वर्ग, पण ती फुलं याच टाकीतल्या झाडाची, काबोंबा फर्काटाची. पाण्यात ते असं माजतं, की खालच्या झाडांना ऊन मिळत नाही. आणि जलपर्णी? तीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलं सुंदर म्हणून बंगालात आली होती. शोभेची म्हणून.

काकी बराच वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "मागीर हांकां मारूं?"

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. आपल्या छंदाचं सगळं ओझं त्या तीन शब्दांत होतं. मासा विकत घेताना आपण त्याचं पूर्ण आयुष्य विकत घेतो. सकर दहा वर्षंही सहज जगतो, आणि मुलं काही दहा वर्षं त्याच घरात राहत नाहीत. मोली मी घेतल्या. सकरासाठी आठवडाभर फोन केले, तेव्हा म्हापशाच्या एका ओळखीच्या गृहस्थाच्या हजार लिटरच्या टाकीत त्याला जागा मिळाली. प्रत्येक वेळी असा माणूस मिळतोच असं नाही. म्हणून घेण्याआधीच दुकानदाराला विचारावं, की मोठा झाल्यावर परत घेशील का? 'नाही' म्हणाला, तर तो मासा आपल्यासाठी नव्हे. काबोंबा काकींनी अंगणातल्या चिऱ्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवला, कुरकुरीत झाल्यावर माडाच्या आळ्यात घातला. पुढच्या वेळी भेटल्या तेव्हा हसत म्हणाल्या, "पुण्य माडाक मेळ्ळें."

सोडण्याची ही गोष्ट झाली, तशीच आणण्याचीही आहे. केरळ-कर्नाटकातल्या डोंगरी नद्यांत अंगावर लाल-काळी रेघ असलेला एक देखणा मासा राहतो. व्यापारात त्याला 'मिस केरळ' म्हणतात. १९९७ साली सिंगापूरच्या प्रदर्शनात तो गाजला आणि जाळी पडू लागली. २००५ ते २०१२ या काळात भारतातून असे तीन लाखांहून अधिक मासे निर्यात झाल्याची नोंद संशोधकांनी केली आहे. २०१३ साली त्याच्या गणाला नवं नाव मिळालं : सह्याद्रिया. नाव आपल्या डोंगराचं, आणि मासा धोक्यात आलेल्यांच्या यादीत. दुकानात तो दिसला, की तो तळ्यात वाढवलेला की नदीतून ओढलेला हे मी विचारतो. उत्तर मिळालं नाही तर मोली बऱ्या.

त्यामुळे माझ्या टाकीचे आता दोनच नियम आहेत. व्हाळातून उपटून काही आणायचं नाही, आणि टाकीतलं काही व्हाळात जाऊ द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो, ते तुळशीला आणि केळींना जातं. त्यातल्या नायट्रेटवर केळी कशा फोफावल्यात ते येऊन बघा. कात्री लावलेली पानं आधी उन्हात, मग खतात.

शिवाय पावसाळ्यात आमच्या व्हाळाकाठी उभं राहिलं, की पृष्ठभागाशी डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला बोटभर मासा तरंगताना दिसतो. त्याच्याच कुळातल्या एका चिमुकल्या माशावर गोव्यात मलेरियाच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात प्रयोग केले, डासांच्या अळ्या तो किती फस्त करतो ते पाहायला. परदेशी टाक्यांत याचे भाऊबंद मानानं पाळतात. मी त्याला तिथंच बघतो. टाकीसमोर बसून बसून पाण्याकडे बघायची सवय झाली नसती, तर तो मला दिसलाच नसता.

येत्या ऑगस्टमध्ये जवळच्या सड्यावर जरूर जा. डबक्यापाशी उकिडवं बसा आणि पाणी हलायचं थांबेपर्यंत थांबा. मग घरी टाकी ठेवायची की नाही, ते ठरवा.